माझ्या नकाशात नारळ नव्हता

मी पंचवीस वर्षांचा होतो तेव्हा मला वाटायचं, धातू कधी तडकणार हे अख्ख्या वर्धा जिल्ह्यात फक्त मलाच कळतं. हसू नका, खरंच वाटायचं. नागपूरला कॉलेजात मी दोन वर्षं त्याच एका गोष्टीवर घासली होती. गावी परतलो तेव्हा पिशवीत डिग्रीच्या कागदाखाली माझा नकाशा होता. नकाशा म्हणजे आलेखाचा एक मोठा कागद. आडव्या रेषेवर धातूचं तापमान, उभ्या रेषेवर तो किती वेगाने दाबायचा ते. जिथे धातू तडकेल तो भाग लाल पेन्सिलीने रंगवलेला, जिथे सुखरूप राहील तो हिरव्या पेन्सिलीने. हिरव्यात राहा, काही होत नाही. इतकं सोपं करून ठेवलं होतं मी जगासाठी.

धातू होता लोखंड आणि ॲल्युमिनियमचा. पण नुसती भेसळ नव्हे. ठरावीक प्रमाणात वितळवले की दोघांचे अणू आपापल्या नेमून दिलेल्या जागी बसतात, पंगतीत पाट मांडल्यासारखे, आणि मग जागचे हलायला तयार नसतात. त्यामुळे हा धातू भट्टीच्या धगीत टिकतो, लवकर गंजत नाही. पण ठोकायला घेतला की तोच हट्ट नडतो. साधं पोलाद लाल करून घणाखाली धरलं तर कणकेसारखं पसरतं. हा पसरता पसरता मधेच तडकतो. जरा गार झाला, तडकला. घाईने ठोकला, तडकला. माझा नकाशा होता तो एवढ्याचसाठी.

हिंगणघाटच्या बाहेर एका कारखान्यात मला नोकरी लागली. नव्वदचं दशक संपत आलं होतं. तिथे गरम लोखंड ठोकून मशीनचे भाग बनवायचे. बाहेरच्या एका गिऱ्हाइकाने आमच्याकडे या नव्या धातूचे सात तुकडे पाठवले होते. पाच नीट ठोकून दाखवा, दोन हाताशी जास्तीचे ठेवा, जमलं तर पुढचं काम तुमचं, असा निरोप होता. मॅनेजरने मला कामावर घेतलं ते त्या तुकड्यांच्या भरवशावर. मी अल्लीपूरहून रोज लुनावर यायचो आणि माझं नाक लुनाच्याही पुढे चालायचं.

मोठा हॅमर, म्हणजे यंत्रावर चालणारा घण, चालवायचे ते गृहस्थ वडनेरचे होते. पन्नाशीचे, काटकुळे, गालात कायम सुपारी-तंबाखूचा खर्रा. वीस-बावीस वर्षं तो एकच दांडा त्यांच्या डाव्या हातात होता. दांडा जितका खाली ओढावा तितका घण जोरात पडायचा. मी त्यांना काकाजी म्हणायचो, ते मला साहेब. कारखान्यात नवा माणूस आला की काकाजींनी त्याला एक गंमत दाखवायची, अशी रीतच होती. खालच्या डायवर, म्हणजे ज्या पोलादी ठोकळ्यावर माल ठेवून ठोकतात त्याच्यावर, ते काडेपेटी उभी ठेवायचे. मग दोन टनांचा घण वरून असा आणायचे की तो पेटीला टेकायचा आणि थांबायचा. पेटी जशीच्या तशी. लोक टाळ्या वाजवायचे. मी म्हणालो, "सर्कशीत जायचं होतं ना काकाजी." ते हसले. मला वाटलं, मी फार मोठा विनोद केला.

तुकडे ठोकायचा दिवस ठरला. आदल्या दिवशी मायने माझ्या पिशवीत नारळ टाकला. माझी माय म्हणजे एकदा मनात आलं की संपलं. "तुह्यं पह्यलं काम हाय. फोडल्याबिगर हात लावू नको. अन् पानी चारीकडं शिंपडजो, कंजूषी करू नको." मी म्हटलं, माय, तिथे हजार डिग्रीवर काम असतं. ती म्हणाली, "मंग त देवाची जास्तच गरज हाय."

सकाळी मी सगळं नियमाने केलं. या धातूला गार डाय चालत नाही. तुकडा कितीही लाल असला तरी गार पोलादाला टेकताच त्याची कातडी तेवढ्यापुरती थंड होते. म्हणून काकाजींनी पहाटेपासून लालभडक लोखंडी ठोकळे वरच्या आणि खालच्या डायच्या मधे ठेवून दोन्ही तापवल्या होत्या. ठरलेल्या तापमानाला वितळणारा एक खडू असतो, तो मी डायवर ओढला. वितळला. मी वहीत लिहिलं, डाय साडेतीनशे, आणि खाली झोकात सही ठोकली.

तेवढ्यात मॅनेजरला माझ्या पिशवीतला नारळ दिसला. "अरे वा! मायने दिया? मग असं घाईघाईत कसं? मोठ्या साहेबांना येऊ द्या." मोठे साहेब निघाले, पोचले, फुलं आणायची राहिली म्हणून माणूस गेला, तो आला. डायवर कुंकू लावायचं तर मधे लाल ठोकळे कसे चालतील? मीच सांगितलं, काढा ते. काढले. अर्धा तास असाच गेला. शेवटी मी ऐरणीच्या कोपऱ्यावर नारळ फोडला आणि मायने सांगितल्याप्रमाणे कंजूषी न करता सगळं पाणी दोन्ही डायवर शिंपडलं. चुर्र झालं, वाफ उठली, टाळ्या पडल्या. मी सगळ्यांना पेढे वाटले आणि दहादा सांगितलं, नारळ माझ्या मायने दिलाय.

तेव्हा काकाजी माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, "साहेब, ठोकळे परत ठेवू काय जरासे? डाय थंडी झाली असन."

मोठे साहेब घड्याळ पाहत होते, तुकडे भट्टीत तयार होते. माझं डोकं तेव्हा लवकर तापायचं, आताही तापतं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "काकाजी, तुम्ही दांडा सांभाळा, बाकीचं मी पाहतो. घ्या, काढा माल."

ते दांड्याकडे वळले. पहिला तुकडा डायवर आला. त्यांनी पहिला ठोका अलगद दिला, दुसरा थोडा भारी. तिसऱ्याला आवाज आला. टच्. गरम काचेच्या ग्लासात गार पाणी ओतलं की येतो तसा. दुसरा तुकडा, टच्. तिसराही. मोठे साहेब निघून गेले. मी काकाजींवर ओरडलो, "अहो, किती जोरात हाणता! हळू!" चौथ्याला बारीकशी चीर पडली. पाचवा अगदी स्वच्छ उतरला. मला वाटलं, पाहा, ओरडल्यावर कसं जमलं.

त्याच दुपारी मी रिपोर्ट लिहिला. तुकड्यांचं तापमान नकाशाच्या हिरव्या भागात होतं. डाय साडेतीनशे, माझ्याच अक्षरात. मग उरलं काय? वेग. आणि वेग कोणाच्या हातात? मी लिहिलं, हॅमर चालवणाऱ्याने ठोके प्रमाणाबाहेर जोरात दिले. रिपोर्ट इंग्रजीत होता. काकाजींनी विचारलं, "काय लिवलं साहेब?" मी म्हणालो, जे झालं ते. त्यांनी सावकाश, एकेक अक्षर काढत, आपलं पूर्ण नाव लिहून सही केली.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने त्यांना हॅमरवरून काढलं आणि भंगार यार्डात टाकलं. दांड्यावर दुसरा माणूस आला. एप्रिल महिना. आमच्याकडचं ऊन ज्याला ठाऊक आहे त्याला सांगायला नको, त्यात यार्डातलं लोखंड हातात धरवत नाही. काकाजी डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून दिवसभर तिथे वाकलेले असायचे. मला वाईट वाटलं, पण थोडंसंच. चूक केली तर भोगा, असा माझा तेव्हाचा न्याय होता. भैताडच होतो मी.

तिसऱ्या रविवारी काकाजी आमच्या घरी आले. वडनेरहून हिंगणघाट, तिथे एसटी बदलून अल्लीपूर, आणि स्टँडवरून विचारत विचारत घर. माय अंगणात खाटेवर कुरडया घालत होती. मी ओट्यावर पेपर वाचत होतो. मला वाटलं, आला हा रडायला. ते ओट्याच्या काठावर बसले आणि दुपट्ट्याची गाठ सोडली. आत तडकलेला तुकडा होता. भंगारात पडलेला त्यांनी चौकीदाराला सांगून आणला होता.

"साहेब, मले नोकरीचं काई बोलाचं नाई," ते म्हणाले. "फक्त येवढं दाखवा, माहा ठोका कुठं भारी झाला. पुढच्या बारीले ध्यानात ठेवीन."

बस, एवढंच. बावीस वर्षं दांडा धरलेला माणूस मला, कालच्या पोराला, चूक दाखवा म्हणत होता. आणि मी, माझी अक्कल पाहा, खुलून दाखवायला लागलो. "हे असं आहे काकाजी. जोरात ठोकलं की तुकड्याचं पोट बाहेरच्या बाजूला फुगतं. पोट ताणलं की तिथेच उभी चीर पडते. ही पाहा..." म्हणत मी तुकडा फिरवला. पोट साफ होतं. मी पुन्हा फिरवला. पोटावर एक ओरखडा नव्हता. सगळ्या चिरा वरच्या आणि खालच्या कडेला होत्या, जिथे तुकडा डायला टेकला होता, बरोबर तिथे.

मी मान वर केली. काकाजी तुकड्याकडे पाहत नव्हते, माझ्याकडे पाहत होते.

तेवढ्यात माय चहा घेऊन आली. तिने त्यांना मला साहेब म्हणताना ऐकलं होतं, म्हणजे कारखान्यातला माणूस आहे हे तिला कळलं होतं. कप पुढे करत तिने विचारलं, "काऊन भाऊ, माह्या नारळाचं काय झालं? ह्यो पोरगा त काईच सांगत नाई. गोड निघालता का?"

"लय गोड, माय," काकाजी म्हणाले. "अन् पानी बी भरपूर."

मग त्यांनी चहावर फुंकर मारली आणि कप तोंडाला लावला. मायचा चेहरा फुलला. ते चुर्र मला परत ऐकू आलं. अर्धा तास उघडी पडलेली डाय, वरून मी ओतलेलं नारळाचं पाणी, आणि वहीत त्याच्या आधीच लिहून टाकलेले साडेतीनशे. पाचवा तुकडा का वाचला तेही लख्ख दिसलं. माझ्या ओरडण्याने नाही, आधीच्या चार लाल तुकड्यांनी डाय पुन्हा तापली होती म्हणून. नकाशा खोटा नव्हता. मीच त्याला खोटं तापमान सांगितलं होतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मला आठवलं, या माणसाने मला विचारलं होतं. ठोकळे परत ठेवू काय.

मी एवढंच म्हणालो, "काकाजी, हा तुकडा राहू द्या माझ्याजवळ. पाहतो मी." ते "हाव" म्हणाले, मायच्या पाया पडले आणि गेले.

आता इथे मी स्वतःला शहाणा दाखवू शकतो, पण खोटं कशाला बोलू? मी सोमवारी काही केलं नाही. मंगळवारीही नाही. भ्यालो होतो. नवी नोकरी, मोठ्या साहेबांसमोर झालेली फजिती, आणि त्यात आता जाऊन सांगायचं की चूक माझी? मनात हजार कारणं यायची. पुढच्या महिन्यात ते आपोआप परत हॅमरवर येतील. त्यांच्या वयाला आता हॅमर झेपत नसेल. मेलो मी लाजेने आज हे लिहिताना, पण असंच वाटायचं.

आठवडा असाच गेला. मग एके दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी यार्डाच्या बाजूने जात होतो. काकाजी सावलीत बसले होते, त्यांची पाठ माझ्याकडे होती. समोर लोखंडी नळीचा एक तुकडा रोवलेला होता आणि त्यावर त्यांचा डावा हात होता. आत शेडमधे दुसरा माणूस हॅमर चालवत होता. तिकडून ठोक्याचा आवाज येई, त्याच्या किंचित आधी काकाजींचा हात नळीवरून खाली यायचा. परत वर. परत खाली. डोळे मिटलेले. मला पाहवलं नाही. मी तसाच मॅनेजरच्या खोलीत शिरलो.

मॅनेजर ऐकून उखडलाच. "पागल हुआ क्या? नारळाने लोखंड तडकते? बाहेर काय सांगायचं, पूजा केली म्हणून माल खराब झाला?"

"पूजेने नाही, माझ्याने," मी म्हणालो. "ठोकळे मी काढले. पाणी मी ओतलं. त्यांनी मला विचारलं तेव्हा मी त्यांना गप्प केलं. आणि मग रिपोर्टमधे त्यांचं नाव टाकलं." मी तुकडा टेबलावर आपटला आणि त्याला कडा दाखवल्या, पोट दाखवलं. तावातावाने बोलत होतो, राग मॅनेजरवर नव्हताच. दुसरा रिपोर्ट मी लिहूनच नेला होता. या वेळी मराठीत.

मॅनेजर बराच वेळ तुकडा फिरवत बसला. मग म्हणाला, "दो टुकडे बचे है. कर. पण बिघडलं तर त्याच्याबरोबर तूही यार्डात."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकाजी हॅमरजवळ आले ते धुतलेली खाकी घालून. दांड्याला हात लावून त्यांनी तो हात कपाळाला लावला. मग खिशातून काडेपेटी काढून डायवर उभी ठेवली. कोणी पाहुणा नव्हता, कोणाला दाखवायचं नव्हतं. घण खाली आला आणि पेटी एका बाजूने चेपली. ते तिच्याकडे पाहत राहिले. महिनाभरात हात जरासा विसरला होता. हे माझ्यामुळे, मला वाटलं. त्यांनी दुसरी पेटी मागून घेतली. या वेळी घण टेकला आणि थांबला. मग लाल ठोकळे डायमधे गेले, आणि मी ते शेवटच्या क्षणापर्यंत काढू दिले नाहीत. खडू ओढला, वितळला. लगेच तुकडा आला. एक ठोका, दोन, तीन, सात, आठ. मी कान लावून बसलो होतो. ठोक्याशिवाय दुसरा आवाज आला नाही. दुसऱ्यालाही नाही.

काम संपल्यावर आम्ही दोघं माठाजवळ पाणी प्यायलो. मॅनेजरने त्यांना तिथेच सांगितलं होतं, उद्यापासून हॅमरवर. मी रिपोर्टबद्दल माफी मागितली. नीट मागता आली नाही. मग विचारलं, "काकाजी, पाण्यानं झालं हे तुम्हाला कधी समजलं?"

"पानी पडलं तवाच."

"मग रिपोर्टवर सही कशी केली?"

"त्यात काय लिवलं, हे मले कोन वाचून दाखवलं?"

"पण त्या रविवारी? त्या दिवशी तर सरळ सांगता आलं असतं."

"तेच सांगाले आलतो," काकाजी म्हणाले. "तुकडा घेऊन येवढ्या दूर कायले येईन? ओट्यावर बसून ठोक्याचं इचारलं, तुमी तुकडा फिरवला, म्हनलं आता बोलतो. तं मायनं चहा देल्ला अन् नारळाचंच इचारलं. पोराच्या पह्यल्या कामाले देलेला नारळ. आता तिच्या तोंडावर कसा म्हनू का त्यानंच काम बिघडवलं?" त्यांनी खर्रा गालात सरकवला. "मंग म्हनलं, जाऊ द्या. तुकडा पाह्यला साहेबानं, समजन त्याले."

मला समजलं होतं त्याच दिवशी, आणि तरी मी त्यांना आणखी आठ दिवस उन्हात ठेवलं होतं. हे त्यांना ठाऊक होतं. ते त्यांनी आयुष्यात कधी काढलं नाही.

पाचाऐवजी तीनच तुकडे नीट झाले होते, पण बाकीचे का तडकले ते आम्ही गिऱ्हाइकाला खरं कळवलं आणि पुढचं काम आम्हाला मिळालं. मायने प्रत्येक नव्या कामाला नारळ दिला, आणि आम्ही तो प्रत्येक वेळी फोडला, फक्त शेवटचा तुकडा निघून थंड झाल्यावर. घरी गेलो की ती विचारायची, फोडला ना? मी म्हणायचो, फोडला. आधी की नंतर, हे तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. काकाजी रिटायर होईपर्यंत हे असंच चाललं.

त्यानंतर काही वर्षांनी माय गेली. तेरवीला काकाजी वडनेरहून आले, आता काठी टेकत. पिशवीतून नारळ काढून त्यांनी तिच्या फोटोपुढे ठेवला. बायका बसल्या होत्या, त्यातल्या एकीने विचारलं, हे कोण? काकाजींनी स्वतःच उत्तर दिलं.

"मी हॅमरवर होतो, बाई. हिच्या नारळाचा गुन असा का आमचा एक बी तुकडा कधी तडकला नाई." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काऊन साहेब, खरं हाय ना?"

मी म्हणालो, "हो काकाजी. एकही नाही."